मूलद्रव्याची ओळख प्रोटॉनच का ठरवतो?

शंकेखोर :
अणूची शालेय व्याख्या आपण सर्वांनी पाठ केलेली असते. मध्यभागी धनप्रभारित केंद्रक असते, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात आणि भोवती ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन असतात. त्यानंतर जे वाक्य येते, त्यावर मात्र कुणी फारसे थांबत नाही : केंद्रकातील प्रोटॉनांची संख्या म्हणजे अणुक्रमांक आणि त्यावरून मूलद्रव्य ठरते. ६ प्रोटॉन असले की कार्बन, ७ असले की नायट्रोजन, ७९ असले की सोने.

माझी शंका नेमकी या वाक्याबद्दल आहे. मूलद्रव्याचे रासायनिक गुणधर्म बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉनांमुळे ठरतात, असे तेच पुस्तक पुढच्या प्रकरणात सांगते. वस्तुमानाचा विचार केला, तर न्यूट्रॉनचा वाटा प्रोटॉनच्या तोडीचा असतो आणि जड अणूंमध्ये तो प्रोटॉनहून बराच अधिक असतो. असे असताना, रासायनिक क्रियेत प्रत्यक्ष भाग न घेणाऱ्या आणि केंद्रकात बंदिस्त असलेल्या प्रोटॉनकडे मूलद्रव्याची ओळख ठरवण्याचा अधिकार कसा आला? ही मोजणीच्या सोयीसाठी माणसाने केलेली व्याख्या आहे, की निसर्गातच तसे काही आहे?

याला जोडून दुसरी शंका अशी, की समान प्रभार एकमेकांना दूर ढकलतात, तर ७९ प्रोटॉन एवढ्याशा जागेत एकत्र राहतात कसे? ‘तीव्र बलामुळे’ (केंद्रकातील कणांना एकत्र बांधणाऱ्या बलामुळे) हे उत्तर मला ठाऊक आहे, परंतु त्याने नाव कळते, कारण कळत नाही.

मोजपट्टी :
इलेक्ट्रॉन येतात आणि जातात. सोडियमच्या अणूने एक इलेक्ट्रॉन गमावला की त्याच्याकडे निऑनइतकेच, म्हणजे १० इलेक्ट्रॉन उरतात. तरीही तो निऑन होत नाही, सोडियमचा आयनच राहतो. जे इतक्या सहज बदलते, त्यावर ओळख ठेवता येत नाही.

शंकेखोर :
मान्य आहे. परंतु यातून इलेक्ट्रॉन अपात्र ठरले, प्रोटॉन पात्र कसा ठरला ते कळले नाही. न्यूट्रॉनही केंद्रकातच असतो आणि तोही सहज बदलत नाही.

क्षकिरण :
मूळ प्रश्नाच्या पहिल्या भागाला इतिहासाने दिलेले उत्तर स्पष्ट आहे. ही सोयीची व्याख्या नाही, ते मोजमाप आहे.

१९१३ पूर्वी अणुक्रमांक म्हणजे आवर्तसारणीतील केवळ आसनक्रमांक होता. मूलद्रव्ये साधारणपणे अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडली जात आणि जिथे गुणधर्म जुळत नसत, तिथे क्रम हाताने बदलला जाई. टेल्युरियमचे अणुवस्तुमान १२७.६ आणि आयोडीनचे १२६.९, तरीही आयोडीन नंतर ठेवावे लागे. कोबाल्ट (५८.९३) आणि निकेल (५८.६९), तसेच अरगॉन (३९.९५) आणि पोटॅशियम (३९.१०) या जोड्यांची तीच अडचण होती. आसनक्रमांक आणि केंद्रकाचा प्रभार एकच असावा, ही सूचना फान डेन ब्रूक यांनी १९११ मध्ये केली होती, पण त्या वेळी ती केवळ सूचना होती.

हेन्री मोझली यांनी १९१३ मध्ये कॅल्शियमपासून जस्तापर्यंतच्या मूलद्रव्यांतून बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली. तिचे वर्गमूळ काढले असता असे दिसले, की सारणीत एक घर पुढे सरकले की ते वर्गमूळ ठरावीक मापाने वाढते. कोबाल्टचे स्थान निकेलच्या आधीच आले, वस्तुमान काहीही म्हणो. पुढे मोझली यांनी मोजणी सोन्यापर्यंत नेली आणि ४३, ६१ व ७५ या क्रमांकांची घरे रिकामी आहेत, हेही त्यातून दिसले. हे क्ष-किरण अणूच्या सर्वांत आतल्या कवचातून निघतात. तिथला इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या इतका जवळ असतो, की केंद्रकाचा जवळजवळ सगळा प्रभार त्याला जाणवतो. त्यामुळे मोझली यांनी मोजला तो केंद्रकाचा प्रभारच होता. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत ते मारले गेले, तेव्हा ते २७ वर्षांचे होते.

गंमत अशी, की त्या वेळी ‘प्रोटॉन’ हे नावही अस्तित्वात नव्हते. रदरफर्ड यांनी नायट्रोजनवर अल्फा कण (हेलियमची केंद्रके) आदळवून हायड्रोजनची केंद्रके बाहेर काढल्याचे निष्कर्ष १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि प्रोटॉन हे नाव १९२० मध्ये आले. क्रमांक आधी सापडला, तो क्रमांक धारण करणारा कण नंतर.

तर्कतीर :
क्षकिरण यांचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु त्यांचा निष्कर्ष मला आणखी पुढे न्यावासा वाटतो. मोझली यांनी प्रोटॉन मोजले नाहीत, केंद्रकाचा प्रभार मोजला. या दोन गोष्टी तेव्हा एक मानल्या जात नव्हत्या.

न्यूट्रॉन सापडण्यापूर्वीचे चित्र आठवून पाहा. नायट्रोजनचे वस्तुमान १४ आणि प्रभार ७ असल्याने त्याच्या केंद्रकात १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन आहेत, असे समजले जाई. या हिशेबात अणुक्रमांक म्हणजे प्रोटॉनांची संख्या नव्हे, तर प्रोटॉनांमधून केंद्रकातील इलेक्ट्रॉन वजा केल्यावर उरणारी संख्या होय. हे चित्र मोडले ते स्पिनमुळे, म्हणजे कणाच्या अंगभूत कोनीय संवेगामुळे. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन या दोघांचेही स्पिन अर्धे असते. १४ आणि ७ मिळून २१, म्हणजे विषम संख्या. तेव्हा केंद्रकाचे एकूण स्पिन अर्ध्या पटीतच यायला हवे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस नायट्रोजन रेणूच्या वर्णपटाने मात्र ते पूर्णांक असल्याचे दाखवले. चॅडविक यांनी १९३२ मध्ये न्यूट्रॉन शोधल्यावर ७ प्रोटॉन आणि ७ न्यूट्रॉन, एकूण १४ कण, असा हिशेब बसला आणि तेव्हा कुठे ‘अणुक्रमांक म्हणजे प्रोटॉनांची संख्या’ हे वाक्य खरे ठरले.

तेव्हा शंकेखोर, ओळख ठरवतो तो प्रभार. प्रोटॉन हा तो प्रभार वाहून आणणारा कण आहे. न्यूट्रॉनकडे तो नाही, म्हणून इलेक्ट्रॉनांच्या दृष्टीने न्यूट्रॉन असला काय नि नसला काय, सारखेच. केंद्रकाचा प्रभार +७ असला की भोवती ७ इलेक्ट्रॉन बसेपर्यंत अणू उदासीन होत नाही, ते ७ इलेक्ट्रॉन कोणत्या कवचांत बसतील हेही त्या प्रभाराच्या ओढीवरून ठरते आणि त्यातून पुढे सगळे रसायनशास्त्र निघते. इलेक्ट्रॉन गुणधर्म दाखवतात, पण किती इलेक्ट्रॉन आणि कसे बसणार, याचा निर्णय आतून होतो.

टवाळ :
म्हणजे पाऱ्यातून एक प्रोटॉन काढला की सोने. किमयागारांनी शेकडो वर्षे भट्ट्या पेटवल्या आणि अडले होते एका प्रोटॉनपाशी!

मोजपट्टी :
टवाळ, थट्टा म्हणून लिहिलेत तरी गोष्ट खरी आहे. पाऱ्याचा १९७ वस्तुमानांकाचा समस्थानिक (प्रोटॉन तेवढेच, पण न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेला प्रकार) साधारण ६४ तासांच्या अर्धायुष्यकालाने (निम्मी केंद्रके बदलायला लागणाऱ्या काळाने) आपोआप स्थिर सोन्यात बदलतो. त्याचे केंद्रक अणूतलाच एक इलेक्ट्रॉन गिळते आणि एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो. सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतील अ‍ॅलिस प्रयोगाने २०२५ मध्ये शिशाची सोन्यात झालेली रूपांतरे मोजली. शिशाची केंद्रके एकमेकांजवळून अतिवेगाने जाताना त्यांतून ३ प्रोटॉन निसटतात आणि ८२ चे ७९ होतात. २०१५ ते २०१८ या काळात अशी सुमारे ८,६०० कोटी सोन्याची केंद्रके तयार झाली. त्यांचे एकूण वजन भरते २९ पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जांशाचाही लहानसा अंश. आणि ती क्षणार्धात नष्टही होतात.

भट्टीने हे का जमत नाही, त्याचे कारण ऊर्जेत आहे. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवरील ऊर्जेचे एकक) पुरतात. रासायनिक बंध तोडायला त्याहूनही कमी, काही मोजके इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. केंद्रकातील एका कणाची बंधनऊर्जा मात्र सरासरी ८० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते. कोणतीही ज्वाला या पातळीच्या जवळपासही पोचत नाही. शंकेखोर यांनी विचारलेल्या स्थैर्याचे मूळ या लाखोपटींच्या फरकात आहे.

टवाळ :
२९ पिकोग्रॅमची अंगठी कुणाच्या बोटात बसेल, याचा विचार करतो आहे.

फेम्टो :
दुसऱ्या शंकेकडे कुणी वळलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. लांबले तर सांभाळून घ्यावे.

आधी प्रतिकर्षण किती आहे ते पाहू. २ फेम्टोमीटर (फेम्टोमीटर म्हणजे १० चा उणे १५ वा घात इतके मीटर) अंतरावरच्या दोन प्रोटॉनांमध्ये सुमारे ५८ न्यूटन इतके विद्युत प्रतिकर्षण असते. ६ किलोग्रॅम वस्तुमानाच्या वस्तूवर पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जेवढे असते, तेवढे हे बल, आणि ते अशा कणावर, ज्याचे वस्तुमान लिहिताना दशांशचिन्हानंतर २६ शून्ये द्यावी लागतात तेव्हा कुठे किलोग्रॅममधला पहिला अंक येतो. त्यामुळे शंका अगदी रास्त आहे.

तीव्र बल या अंतरावर विद्युत बलाला मागे टाकते, परंतु त्याचा पल्ला अतिशय तोकडा आहे. १ ते २ फेम्टोमीटरपर्यंत ते प्रभावी असते, त्यापुढे झपाट्याने विरते आणि फारच जवळ गेल्यास उलट दूर ढकलते. परिणामी केंद्रकातला प्रत्येक कण फक्त लगतच्या शेजाऱ्यांनाच धरून ठेवू शकतो. विद्युत प्रतिकर्षणाला मात्र पल्ल्याचे असे बंधन नाही. केंद्रकाच्या एका टोकाचा प्रोटॉन दुसऱ्या टोकाच्या प्रोटॉनलाही ढकलतच असतो. ७९ प्रोटॉनांच्या जोड्या ३,०८१ होतात आणि त्यांतील प्रत्येक जोडी केंद्रक फोडण्याच्या बाजूने काम करते. बांधणारे बल कणांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते, फोडणारे साधारणपणे प्रोटॉनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात.

या रस्सीखेचीत न्यूट्रॉनचे महत्त्व कळते. तो प्रतिकर्षणात भर न घालता आकर्षणात भर घालतो. हेलियममध्ये २ प्रोटॉनांना २ न्यूट्रॉन पुरतात, कॅल्शियममध्ये २० ला २० चालतात, पण सोन्यात ७९ ला ११८ लागतात आणि शिशाच्या सर्वांत जड स्थिर समस्थानिकात ८२ ला १२६. त्यापुढे कितीही न्यूट्रॉन घातले तरी भागत नाही. बिस्मथ (८३) बराच काळ स्थिर मानला जात होता, पण २००३ मध्ये त्याचाही ऱ्हास मोजला गेला. त्याचा अर्धायुष्यकाल विश्वाच्या वयाच्या अब्जपटींहून अधिक आहे, त्यामुळे व्यवहारात तो स्थिरच म्हणायचा. तत्त्वतः मात्र शिसे हे स्थिर मूलद्रव्यांचे शेवटचे टोक होय.

रानवारा :
थोडक्यात, न्यूट्रॉन म्हणजे गोंद.

तर्कतीर :
ही उपमा सर्वत्र वापरली जाते आणि तीच दिशाभूल करते. न्यूट्रॉन गोंद असता, तर केवळ न्यूट्रॉनांचे केंद्रक सर्वांत भक्कम झाले असते. प्रत्यक्षात दोन न्यूट्रॉन एकमेकांना बांधून ठेवू शकत नाहीत. दोन प्रोटॉनही ठेवू शकत नाहीत. एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन मात्र बांधले जातात आणि ड्यूटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे, केंद्रक तयार होते, तेही अवघ्या २२ लाख इलेक्ट्रॉनव्होल्टने. दोन प्रोटॉनांची जोडी प्रतिकर्षणामुळे टिकत नाही, असे वाटणे साहजिक आहे, परंतु प्रभाररहित न्यूट्रॉनांची जोडीही टिकत नाही, यावरून खरे कारण वेगळे असल्याचे दिसते. तीव्र बल दोन कणांची स्पिन समांतर असताना अधिक जोरकस असते, आणि दोन एकसारख्या कणांना सर्वांत खालच्या ऊर्जापातळीवर समांतर स्पिनने राहण्यास पाउली यांचा अपवर्जन नियम मनाई करतो. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे भिन्न कण असल्याने त्यांना ती मनाई लागू होत नाही.

हाच नियम न्यूट्रॉनांची संख्याही आवरतो. न्यूट्रॉन वाढवत गेल्यास नव्याने येणाऱ्याला वरच्या ऊर्जापातळीवर बसावे लागते आणि एका मर्यादेपलीकडे त्याने प्रोटॉनमध्ये बदलणेच ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त पडते. बीटा ऱ्हास तो हाच.

फेम्टो :
हरकत योग्य आहे. माझे ‘भर घालतो’ हे विधान जड केंद्रकांच्या संदर्भात होते; हलक्या केंद्रकांमध्ये निर्णय पाउली यांच्या नियमाचाच.

संयुजा :
मी रसायनशास्त्राच्या बाजूने बोलते. ‘इलेक्ट्रॉनांच्या दृष्टीने न्यूट्रॉन असला काय नि नसला काय’ हे तर्कतीर यांचे विधान बहुतेक मूलद्रव्यांसाठी चालून जाईल, हायड्रोजनसाठी मात्र चालणार नाही. साध्या हायड्रोजनच्या केंद्रकात एकटा प्रोटॉन असतो. त्याला एक न्यूट्रॉन मिळाला की वस्तुमान दुप्पट होते. अन्य कोणत्याही मूलद्रव्याच्या स्थिर समस्थानिकांमध्ये एवढा फरक नसतो. वस्तुमान दुप्पट झाले की बंधाचे कंपन मंदावते, तो बंध तोडायला अधिक ऊर्जा लागते आणि अनेक अभिक्रियांचा वेग कित्येक पटींनी घटतो. जड पाणी (ड्यूटेरियमपासून बनलेले पाणी) ३.८ अंश सेल्सिअसला गोठते, १०१.४ अंशांना उकळते आणि त्याची घनता साध्या पाण्याहून सुमारे ११ टक्के अधिक असते. शरीरातील पाण्याचा मोठा हिस्सा जड पाण्याने बदलल्यास सस्तन प्राणी जगू शकत नाहीत. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम (दोन न्यूट्रॉनांचा हायड्रोजन) यांना स्वतंत्र नावे मिळाली, ती उगाच नाहीत.

इतके असूनही ड्यूटेरियमला आवर्तसारणीत वेगळे घर मिळालेले नाही, हे मूळ प्रश्नाच्या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. त्याचा अभिक्रियांचा वेग वेगळा असतो, पण संयुगे तीच, संयुजा (बंध जोडण्याची क्षमता) तीच.

(सदस्यनाम तेच असल्याने ‘संयुजा’ या शब्दाचा गैरअर्थ काढू नये.)

अक्षांश :
शाळेत अजूनही केंद्रकाभोवती गोल कक्षेत फिरणारे इलेक्ट्रॉन दाखवतात. हे चित्र आता हद्दपार करायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातून अणू बहुतांशी रिकामा असल्याची समजूतही पसरते.

रानवारा :
रिकामा नाही तर काय? हायड्रोजनच्या अणूची त्रिज्या प्रोटॉनच्या त्रिज्येच्या सुमारे ६३,००० पट आहे. गायगर आणि मार्सडेन यांनी १९०९ मध्ये धातूच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले, तेव्हा बहुतेक कण आरपार गेले आणि हजारोंतून एखादाच मागे फिरला. त्यावरूनच तर रदरफर्ड यांनी १९११ मध्ये केंद्रकाची कल्पना मांडली.

फेम्टो :
आकडे बरोबर आहेत, ‘रिकामा’ हा निष्कर्ष सैल आहे. त्या प्रयोगाने सिद्ध केले ते एवढेच, की अणूचे वस्तुमान आणि धनप्रभार एका अतिसूक्ष्म जागेत एकवटले आहेत. उरलेल्या जागेत इलेक्ट्रॉनाची तरंगावस्था पसरलेली असते. अल्फा कण इलेक्ट्रॉनाच्या सात हजार पटींहून जड असल्याने त्याला तिची फारशी दखल घ्यावी लागत नाही, पण दुसऱ्या अणूला ती घ्यावीच लागते. तसे नसते तर एक घन पदार्थ दुसऱ्यातून सहज निघून गेला असता.

कक्षांच्या चित्राबद्दल मात्र मी अक्षांश यांच्याइतका कठोर नाही. प्रभार मध्यभागी आहे आणि ऊर्जापातळ्या ठरावीक आहेत, या दोन गोष्टी तरी ते चित्र सांगते. बोर यांनी १९१३ मध्ये त्यावरूनच हायड्रोजनच्या वर्णपटाचा हिशेब जुळवला होता.

शंकेखोर :
मग धनप्रभाराकडे ओढला जाणारा इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर जाऊन आदळत का नाही? आदळलाच, तर दोघांचे प्रभार मिटून ओळखच पुसली जाईल.

फेम्टो :
इलेक्ट्रॉन जितक्या लहान जागेत कोंडावा, तितकी अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार त्याची गतिज ऊर्जा वाढते. जवळ आल्याने मिळणारा ऊर्जेचा लाभ आणि कोंडल्याने होणारा तोटा यांचा तोल ५३,००० फेम्टोमीटरच्या आसपास साधला जातो. हायड्रोजनचा आकार त्यातूनच येतो.

परंतु इलेक्ट्रॉन केंद्रकात कधीच नसतो, असेही नव्हे. आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जागी सापडण्याची अल्पशी शक्यता असतेच. हायड्रोजनमध्ये त्याचा काही परिणाम होत नाही, कारण न्यूट्रॉन हा प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या एकत्रित वस्तुमानाहून सुमारे ७ लाख ८२ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टने जड आहे आणि ती ऊर्जा बाहेरून आणल्याशिवाय रूपांतर होऊ शकत नाही. बेरिलियम-७ मध्ये मात्र हिशेब उलट बसतो. त्याचे केंद्रक आपल्याच अणूतील इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि ५३ दिवसांच्या अर्धायुष्यकालाने लिथियम-७ होते. सर्व इलेक्ट्रॉन काढून टाकलेले बेरिलियम-७ या मार्गाने बदलूच शकत नाही. इतकेच नव्हे, तर ते कोणत्या संयुगात आहे यावर त्याच्या ऱ्हासाचा वेग किंचित, जेमतेम एखाद्या टक्क्याने, बदलतो. प्रोटॉन रसायनशास्त्रापासून पूर्णपणे अलिप्त असतो, या मूळ धाग्यातील गृहीतकाला हा एक छोटासा अपवाद आहे.

अक्षांश :
प्रभार हीच ओळख असेल, तर तो प्रोटॉनमध्ये तरी कुठून येतो? प्रोटॉन ज्यांचा बनलेला आहे, त्या क्वार्कांपर्यंत जायला नको का?

तर्कतीर :
जायला हवे, आणि तिथे एक कोडेही आहे. प्रोटॉनमध्ये दोन अप क्वार्क आणि एक डाउन क्वार्क मानले जातात. अपचा प्रभार +२/३ आणि डाउनचा −१/३ असल्याने बेरीज +१ येते. न्यूट्रॉनमध्ये एक अप आणि दोन डाउन असल्याने शून्य येते. क्वार्कांची कल्पना १९६४ ची आणि त्यांचा प्रायोगिक सुगावा १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड येथील प्रवेगकावर लागला. प्रभाराची बेरीज जितकी सरळ, तितकीच वस्तुमानाची वाकडी : तिन्ही क्वार्कांची वस्तुमाने मिळून प्रोटॉनच्या वस्तुमानाचा सुमारे एक टक्का भरतो. बाकीचे सगळे वस्तुमान क्वार्कांच्या गतीची आणि त्यांना बांधणाऱ्या ग्लुऑन क्षेत्राची ऊर्जा आहे.

कोडे असे, की प्रोटॉनचा आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार परिमाणाने समान असल्याचे प्रयोगांनी दशांशचिन्हानंतरच्या सुमारे एकविसाव्या स्थानापर्यंत तपासले आहे. एक कण क्वार्कांचा बनलेला, दुसरा क्वार्कांशी काहीही संबंध नसलेला, आणि तरीही हा मेळ. क्वार्क आणि इलेक्ट्रॉन यांना एकाच कुळात बसवणारे महाएकीकरणाचे सिद्धांत हा मेळ स्वाभाविकपणे देतात, परंतु त्याबरोबर प्रोटॉनचा कधी ना कधी ऱ्हास होईल, असेही भाकीत करतात.

क्षकिरण :
आणि तो ऱ्हास अद्याप दिसलेला नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, २ किलोमीटरहून अधिक खोलीवर, १९८० च्या दशकात यासाठी भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांचा प्रयोग चालला होता. जपानमधील सुपर-कामिओकांडे येथे ५०,००० टन पाण्यातील प्रोटॉनांवर १९९६ पासून पाळत ठेवली आहे. ऱ्हासाच्या एका प्रमुख मार्गासाठी तिथून निघालेली आयुर्मर्यादा एकावर ३४ शून्ये इतक्या वर्षांहून अधिक आहे. मोकळा न्यूट्रॉन मात्र सरासरी १५ मिनिटांच्या आत प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो यांत मोडतो. मूलद्रव्याची ओळख या दोघांपैकी कुणावर ठेवावी, याचे आणखी एक कारण यात सापडेल.

तर्कतीर :
ते कारण मी धरणार नाही. स्थिर केंद्रकात बांधलेला न्यूट्रॉन मोडत नाही, कारण तिथे तसे करणे ऊर्जेला परवडत नाही. हेलियमचे न्यूट्रॉन त्याच्या प्रोटॉनांइतकेच टिकाऊ आहेत. मोकळ्या कणाचे आयुष्य बांधलेल्या कणाला लावू नये.

संयुजा :
मूळ प्रश्नाला थेट भिडणारा एक निकष अजून कुणी सांगितलेला नाही. नवे मूलद्रव्य सापडल्याचा दावा मान्य करताना आंतरराष्ट्रीय संघटना पाहतात, की त्याचे केंद्रक निदान सेकंदाच्या शंभर लाख-कोटींव्या भागाइतके, म्हणजे १० चा उणे १४ वा घात इतके सेकंद तरी टिकले पाहिजे. केंद्रकाला आपल्याभोवती इलेक्ट्रॉन गोळा करायला साधारण तेवढा वेळ लागतो, म्हणून ही मर्यादा घेतली आहे. २०१६ मध्ये नाव मिळालेले ११८ क्रमांकाचे ओगानेसन मिलिसेकंदाहून कमी काळ टिकते, तरी या निकषावर सहज उत्तीर्ण होते. प्रोटॉनांची संख्या ओळख ठरवते हे खरे, परंतु इलेक्ट्रॉनांना बोलावून घेण्याइतकी सवड ज्याला मिळत नाही, त्याला मूलद्रव्य म्हणतच नाहीत.

शंकेखोर :
संयुजा यांच्या या निकषाने माझा पहिला प्रश्न सुटला. पण एक उपप्रश्न राहतो. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजन आणि हेलियम यांच्या केंद्रकांभोवती इलेक्ट्रॉन बांधलेले नसतात. तरी आपण त्यांना हायड्रोजन आणि हेलियमच म्हणतो. ते कोणत्या आधारावर?

फेम्टो :
केंद्रकाचा प्रभार तिथेही तोच असतो आणि गाभ्यातून बाहेर काढून थंड केल्यास ते केंद्रक त्या प्रभाराइतकेच इलेक्ट्रॉन गोळा करील, या आधारावर. शिवाय तिथे इलेक्ट्रॉन बांधलेले नसले, तरी प्रभार आपले काम करतोच. दोन प्रोटॉन जवळ येण्याला तोच अडथळा करतो. त्यातून ते जवळ आले, तरी वर सांगितल्याप्रमाणे त्यांची जोडी टिकत नाही. त्या निमिषमात्र भेटीत एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन झाला तरच ड्यूटेरियमचे केंद्रक तयार होते. हे रूपांतर दुर्बल बलामुळे होते आणि इतके दुर्मीळ असते, की गाभ्यातील एखाद्या प्रोटॉनला त्यासाठी सरासरी ९०० ते १,००० कोटी वर्षे थांबावे लागते. सूर्य एकदम न भडकता सावकाश जळतो, तो या पहिल्या पायरीमुळे.

अक्षांश :
तर मग व्याख्या अशी असावी : केंद्रकाचा प्रभार प्रोटॉनच्या प्रभाराच्या जितके पट, तितका अणुक्रमांक. प्रोटॉन मोजायचे कामच नाही.

तर्कतीर :
अशी व्याख्या केलीत तर प्रतिहायड्रोजनचे काय कराल? त्याचे केंद्रक म्हणजे १९५५ मध्ये प्रथम सापडलेला प्रतिप्रोटॉन, प्रभार −१, आणि भोवती पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनप्रभारित प्रतिकण). सर्नमधील अल्फा प्रयोगाने २०१८ मध्ये त्याच्या वर्णपटातील एक रेषा मोजली, तेव्हा ती साध्या हायड्रोजनच्या रेषेशी लाख-कोटीत दोन भागांच्या अचूकतेने जुळली. ऊर्जापातळ्या त्याच, गुणधर्म तेच अपेक्षित, पण आपल्या व्याख्येने अणुक्रमांक उणे एक.

टवाळ :
आवर्तसारणी डावीकडे वाढवायला घ्या. भिंतीवर जागा आहे.